संगणकात मराठी अक्षर कसे साठते आणि जुन्या फायली यूनिकोडमध्ये कशा आणाव्यात

सांगली आणि सातारा जिल्ह्यांतल्या विकास सोसायट्या, दूध संस्था, वाचनालये आणि छापखाने यांच्या संगणकांवर कित्येक वर्षांचे मराठी लेखन साठलेले आहे. त्यात वार्षिक अहवाल आहेत, सभासदांच्या याद्या आहेत, ग्रंथसूची आहेत, सभेची इतिवृत्ते आहेत. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीत भिजलेली दप्तरे ज्यांनी पाहिली, त्यांना संगणकावरच्या प्रतीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. मात्र फाईल संगणकावर असणे आणि तिच्यातला मजकूर मराठी म्हणून टिकणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. छपाईत सुबक दिसणारा अहवाल दुसऱ्या संगणकावर उघडताच इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग होतो, तेव्हा दोष कागदाचा किंवा छपाईयंत्राचा नसतो. मजकूर ज्या आकड्यांच्या रूपात साठवला आहे, त्या आकड्यांत तो असतो. म्हणून आधी हे आकडे कसे ठरतात ते पाहू आणि मग फायली तपासण्याच्या व दुरुस्त करण्याच्या कामाकडे वळू.

संगणकाच्या स्मृतीत अक्षर नसते, आकडा असतो, आणि तोही शून्य व एक यांच्या रूपात. आठ शून्य-एकांचा गट म्हणजे एक बाइट. एका बाइटमध्ये ० ते २५५ यांपैकी कोणताही आकडा मावतो. कोणता आकडा कोणत्या अक्षराचा, हे माणसांनी आपसांत ठरवावे लागते. अमेरिकेत १९६३ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या ॲस्की या तक्त्यात १२८ जागा होत्या. इंग्रजी मोठ्या लिपीतला ए ६५ वर, छोटा ए ९७ वर, आणि शून्य ते नऊ हे आकडे ४८ ते ५७ वर अशी व्यवस्था त्यात आहे आणि ती आजही तशीच चालू आहे. देवनागरीला तिथे जागाच नव्हती. भारतात त्यासाठी इस्की हे मानक तयार झाले; १९८८ च्या आवृत्तीनंतर १९९१ मध्ये ते भारतीय मानक १३१९४ म्हणून प्रसिद्ध झाले. बाइटमधल्या वरच्या १२८ जागा त्याने भारतीय लिप्यांना दिल्या. त्याच वर्षी, १९९१ मध्ये, यूनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिने देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवरून घेतली.

यूनिकोडमध्ये जगातल्या बहुतेक लिप्यांच्या प्रत्येक वर्णाला स्वतःचा एक क्रमांक असतो. त्याला या लेखात संकेतांक म्हटले आहे. अशा एकूण ११,१४,११२ जागा यूनिकोडमध्ये आहेत. देवनागरीचा मुख्य गट २३०४ पासून २४३१ पर्यंत, म्हणजे १२८ जागांचा आहे. त्यात स २३६० वर, काना २३६६ वर, अनुस्वार २३०६ वर आणि पाय मोडण्याचे चिन्ह, म्हणजे हलन्त, २३८१ वर आहे. एक्सेलच्या कोणत्याही रिकाम्या चौकटीत यूनिकोड हे सूत्र वापरून त्याला स हे अक्षर दिले, तर उत्तर २३६० येते. उलट यूनिकॅर या सूत्राला २३६० दिले, तर स मिळतो. ही दोन सूत्रे पुढे कामाला येतील, म्हणून ती आताच करून पाहावीत.

संकेतांक ठरला तरी तो बाइटमध्ये कसा लिहायचा हा प्रश्न उरतो, कारण २३६० हा आकडा एका बाइटमध्ये मावत नाही. यासाठीची आज सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत म्हणजे यूटीएफ-८. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये तिची रचना केली. तिचे काम एका अक्षरावर प्रत्यक्ष करून पाहू. २३६० हा आकडा शून्य-एकांत १००१००१११००० असा होतो. यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचा साचा असा असतो: पहिल्या बाइटची सुरुवात १११० ने आणि पुढच्या दोन्ही बाइटांची सुरुवात १० ने. उरलेल्या जागा अनुक्रमे चार, सहा आणि सहा, म्हणजे एकूण सोळा. आपला आकडा बारा स्थानांचा असल्याने त्याच्या आधी चार शून्ये द्यावीत आणि मग ००००, १००१०० आणि १११००० असे तीन तुकडे साच्यात भरावेत. पहिला बाइट १११००००० होतो, म्हणजे २२४. दुसरा १०१००१००, म्हणजे १६४. तिसरा १०१११०००, म्हणजे १८४. स हे अक्षर यूटीएफ-८ फाईलमध्ये २२४, १६४, १८४ असे बसलेले असते. देवनागरीच्या या गटातल्या प्रत्येक वर्णाचा पहिला बाइट २२४ आणि दुसरा १६४ किंवा १६५ असतो. वेगळेपण मुख्यतः तिसऱ्या बाइटमध्ये असते. इंग्रजी अक्षरांना मात्र ॲस्कीचाच एक बाइट पुरतो. बाइटच्या सुरुवातीवरूनच तो नव्या वर्णाचा आहे की मागच्याचा शेष आहे हे कळत असल्याने मधूनच वाचायला सुरुवात केली तरी वर्णाची सीमा सापडते. या पद्धतीतली हीच गोष्ट मला सर्वांत गुणाची वाटते.

आता हेच नोटपॅडमध्ये पडताळून पाहावे. नवी फाईल उघडून तीत फक्त सातारा हा शब्द लिहावा, शेवटी एंटर दाबू नये. जतन करताना एन्कोडिंगच्या चौकटीत यूटीएफ-८ निवडावे. फाईलवर उजवी कळ दाबून प्रॉपर्टीज उघडले की साइझ या ओळीत १८ बाइट दिसतात. तिच्याखालची साइझ ऑन डिस्क ही ओळ पाहू नये, ती डिस्कवर अडलेली जागा सांगते. स, काना, त, काना, र, काना असे सहा संकेतांक आणि प्रत्येकी तीन बाइट, असा तो हिशेब आहे. तीच फाईल दुसऱ्या नावाने यूटीएफ-१६ एलई निवडून जतन केली, तर १४ बाइट होतात: प्रत्येक संकेतांकाला दोन आणि फाईल कोणत्या पद्धतीने लिहिली आहे हे सांगणाऱ्या सुरुवातीच्या ओळखचिन्हाला दोन. तिसऱ्या नावाने एएनएसआय, म्हणजे देवनागरी नसलेला विंडोजचा जुना तक्ता, निवडून जतन करू लागलो, तर नोटपॅड धोक्याची सूचना देते. ती डावलून पुढे गेल्यास फाईल सहा बाइटांची होते आणि पुन्हा उघडल्यावर सहा प्रश्नचिन्हे दिसतात. ती दिसण्यापुरती प्रश्नचिन्हे नाहीत. फाईलमध्ये प्रश्नचिन्हाचा ६३ हा आकडाच सहा वेळा लिहिला गेलेला असतो आणि मूळ शब्द तिथे उरलेला नसतो.

फाईलला काय झाले आहे ते ओळखणे

मजकूर बिघडलेला दिसला की बहुतेक जण लगेच फॉन्ट बदलू लागतात. बिघाडाचे प्रकार निरनिराळे असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असल्याने आधी निदान करणे हेच खरे काम आहे.

अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकटी दिसत असतील, तर काळजीचे कारण नाही. आकडे शाबूत आहेत, फक्त त्या वर्णांचे आकार नेमलेल्या फॉन्टमध्ये नाहीत. मंगल, निर्मला यूआय किंवा नोटो सान्स देवनागरी यांपैकी एखादा फॉन्ट नेमला की मजकूर दिसू लागतो. प्रश्नचिन्हांची रांग दिसत असेल, तर वर सांगितल्याप्रमाणे त्या प्रतीतून काहीही परत मिळत नाही आणि जुनी प्रत, ईमेलला जोडलेली फाईल किंवा छापील कागद शोधणे एवढाच मार्ग उरतो. एखादी वेलांटी किंवा मात्रा ठिपक्यांच्या वर्तुळावर बसलेली दिसली, तर ते चिन्ह ज्या व्यंजनामागून यायला हवे ते व्यंजन तिथे नाही किंवा क्रम उलटा झाला आहे, असे समजावे.

चौथा प्रकार अधिक लक्ष देण्याजोगा आहे. डोक्यावर तिरपी रेघ असलेला लॅटिन ए, त्यामागे चार पायांच्या गोलासारखे चलनाचे चिन्ह किंवा येनचे चिन्ह, आणि मग आणखी एखादे चिन्ह, अशी त्रिके ओळभर दिसत असतील, तर फाईल यूटीएफ-८ मध्ये आहे आणि वाचणारे सॉफ्टवेअर तिला पश्चिम युरोपीय भाषांच्या विंडोज-१२५२ तक्त्याने वाचत आहे. त्या तक्त्यात २२४ वर रेघेचा ए, १६४ वर चलनचिन्ह आणि १६५ वर येन आहे. देवनागरीचे पहिले दोन बाइट हेच असल्याने हीच चिन्हे पुनःपुन्हा दिसतात. अशा वेळी फाईल त्या अवस्थेत जतन न करता बंद करावी आणि यूटीएफ-८ म्हणून पुन्हा उघडावी. मजकूर जसाच्या तसा मिळतो. बिघडलेल्या अवस्थेत ती जतन झाली असेल, तर उलट प्रक्रियेने दुरुस्ती करता येते, पण तीही पूर्ण होईल याची हमी नसते. विंडोज-१२५२ मध्ये १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७ या पाच बाइटना अक्षरच नेमलेले नाही आणि काही सॉफ्टवेअर ते बाइट टाकून देतात. ऱ्हस्व उकाराचा शेवटचा बाइट १२९ आहे, हलन्ताचा १४१ आहे, आणि ए, ऐ, झ यांचे अनुक्रमे १४३, १४४, १५७ आहेत. दुरुस्त केलेल्या यादीत नेमकी जोडाक्षरे आणि उकार मोडलेले दिसतात, त्याचे कारण हे आहे.

पाचवा प्रकार आपल्या भागातल्या छापखान्यांत आणि कार्यालयांत सर्वांत जास्त आढळतो. फाईलमध्ये साधी इंग्रजी अक्षरे निरर्थक क्रमाने दिसतात, पण जुना फॉन्ट नेमला की शुद्ध मराठी वाचता येते. कृतिदेव फॉन्टमध्ये सातारा हा शब्द लिहिला, तर फाईलमध्ये प्रत्यक्षात एल, के, आर, के, जे, के ही छोटी इंग्रजी अक्षरे साठतात, म्हणजे १०८, १०७, ११४, १०७, १०६, १०७ हे आकडे. फॉन्ट फक्त एलच्या जागी स चा आणि केच्या जागी काना असा आकार रेखाटतो. संगणकाच्या दृष्टीने तिथे मराठीचा एकही वर्ण नाही. श्रीलिपी, शिवाजी आणि अशा इतर जुन्या फॉन्टांचे तत्त्व हेच आहे, मात्र कोणत्या आकड्यावर कोणता आकार हे प्रत्येकाचे वेगळे असते. ज्या काळी विंडोजमध्ये देवनागरीची सोय नव्हती त्या काळी याच फॉन्टांनी मराठी छपाई चालवली, हे मान्यच करायला हवे. पण आज अशा फाईलमध्ये सभासदाचे नाव शोधता येत नाही, तिचे शुद्धलेखन तपासता येत नाही आणि तो मजकूर मोबाइलवर वाचता येत नाही. वाई येथे ज्याचे संपादन झाले त्या मराठी विश्वकोशातली नोंद आज शब्द टाकून क्षणात सापडते, कारण संकेतस्थळावर तो मजकूर यूनिकोडमध्ये आहे.

जुन्या फॉन्टमधून यूनिकोडमध्ये

मूळ फाईलची प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवून मगच काम सुरू करावे आणि रूपांतर नेहमी प्रतीवर करावे. त्यानंतर मजकूर निवडून फॉन्टच्या चौकटीतले नेमके नाव टिपून घ्यावे. एकाच कंपनीच्या दोन फॉन्टांची आकड्यांची मांडणीही वेगळी असू शकते, म्हणून त्याच नावासाठी बनवलेला परिवर्तक, म्हणजे जुन्या फॉन्टचा मजकूर यूनिकोडमध्ये बदलणारे सॉफ्टवेअर, वापरावा. अहवालात शीर्षकांचा फॉन्ट एक आणि मजकुराचा दुसरा असेल, तर दोन्ही भाग स्वतंत्रपणे रूपांतरित करावेत. मधेच खरे इंग्रजी शब्द, खातेक्रमांक किंवा ईमेल पत्ते असतील, तर ते आधी बाजूला काढावेत. अन्यथा परिवर्तक त्यांनाही मराठी समजून त्यांचे विद्रूप करतो.

रूपांतर हे निव्वळ आकड्याच्या जागी आकडा घालण्याचे काम नसते, आणि चुका इथेच राहतात. जुन्या फॉन्टमध्ये मजकूर जसा दिसतो त्या क्रमाने साठतो: किरण लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी आणि क नंतर. यूनिकोडमध्ये मजकूर उच्चाराच्या क्रमाने साठतो: आधी क, मग वेलांटी, आणि वेलांटी डावीकडे दाखवण्याचे काम फॉन्ट करतो. रफाराचे याच्या उलट आहे. जुन्या फॉन्टमध्ये तो अक्षरानंतर येतो, तर यूनिकोडमध्ये र आणि हलन्त आधी येतात व ज्याच्यावर रफार दिसायचा ते व्यंजन नंतर येते. म्हणून रूपांतरानंतर ऱ्हस्व वेलांटीचे, रफाराचे, जोडाक्षरावरच्या वेलांटीचे आणि अवतरणचिन्हांचे शब्द डोळ्यांनी तपासावेत. स्थिती, कीर्ती, शक्ति, निर्मिती, पूर्वार्ध अशा शब्दांवर परिवर्तकाची परीक्षा आधी घ्यावी आणि तो उतरला तरच पूर्ण फाईल त्याच्या हाती द्यावी.

मराठीची म्हणून एक खास अडचण इथे येते. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या दऱ्या. साताऱ्याच्या पश्चिमेकडच्या कोणत्याही वर्णनात दुसरा शब्द पदोपदी लागतो. हा अर्धा र यूनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो. एक, ऱ हा स्वतंत्र वर्ण, संकेतांक २३५३, आणि त्यामागे हलन्त. दोन, साधा र, संकेतांक २३५२, मग हलन्त आणि त्यामागे जोडणारे अदृश्य चिन्ह, संकेतांक ८२०५. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. कऱ्हाड हा शब्द पहिल्या रीतीने लिहिला, तर एक्सेलमध्ये लेन हे सूत्र त्याची लांबी ६ सांगते. दुसऱ्या रीतीने लिहिला, तर ७. एका यादीत पहिला प्रकार आणि दुसरीत दुसरा असेल, तर जुळणी होत नाही आणि एकाच गावाची दोन गावे होतात. एकाच वर्णाची वेगवेगळी लेखने एकसारखी करण्याची यूनिकोडची ठरीव पद्धत, म्हणजे प्रमाणीकरण, वापरूनही हे दोन प्रकार एक होत नाहीत. माझे मत पहिल्या रीतीच्या बाजूने आहे, कारण काही सॉफ्टवेअर अदृश्य चिन्हे काढून टाकतात आणि तसे झाले की दऱ्याचे दर्या होते. ऱ या वर्णाला तो धोका नाही. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह जे दाबले की ऱ मिळतो.

यादी एकसारखी करण्यासाठी एक्सेलमध्ये सब्स्टिट्यूट हे सूत्र वापरावे. शोधायचा तुकडा म्हणून यूनिकॅरने मिळवलेले २३५२, २३८१ आणि ८२०५ हे तीन वर्ण एकापुढे एक जोडून द्यावेत आणि त्या जागी २३५३ व २३८१ हे दोन वर्ण द्यावेत. यादीतली सगळीच ८२०५ चिन्हे सरसकट पुसू नयेत. जोडाक्षराऐवजी अर्धे अक्षर सुटे दाखवण्यासाठीही ती वापरलेली असतात.

असाच प्रकार ॲ या वर्णाचा आहे. त्याला २४१८ हा स्वतंत्र संकेतांक यूनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत, म्हणजे २००८ मध्ये मिळाला. त्याआधीच्या मजकुरात अ आणि त्यावर वेगळा चंद्र, किंवा हिंदीच्या वळणाचा ऍ आढळतो. वकिलांच्या नावांआधी येणारे ॲड. हे संक्षिप्त रूप एकाच यादीत तीन प्रकारे लिहिलेले मला अनेकदा दिसते. तिन्ही शोधून २४१८ वर आणावेत. ल आणि श यांचे मराठी वळण मात्र या कामाचा भाग नाही: मराठी आणि हिंदी वळणाच्या ल चा संकेतांक एकच, २३५४, आहे आणि कोणता आकार दाखवायचा हे फॉन्ट व मजकुराची नेमलेली भाषा ठरवते.

याद्या, संदेश आणि क्रमवारी

दुसऱ्या संगणकाकडून स्वल्पविरामांनी विलग केलेली सीएसव्ही फाईल आली आणि तिच्यावर दोनदा टिचकी मारून ती एक्सेलमध्ये उघडली, तर मराठी नावे वर सांगितलेल्या त्रिकांसारखी दिसू शकतात, कारण सुरुवातीला ओळखचिन्ह नसलेली फाईल एक्सेल यूटीएफ-८ म्हणून ओळखेलच असे नसते. रिकामे एक्सेल उघडून डेटा या पट्टीतून फ्रॉम टेक्स्ट किंवा सीएसव्ही निवडावे आणि फाईलच्या उगमाच्या चौकटीत ६५००१ यूनिकोड यूटीएफ-८ नेमावे. आपण स्वतः यादी पाठवताना सेव्ह ॲजमध्ये सीएसव्ही यूटीएफ-८ हा प्रकार निवडला, तर एक्सेल सुरुवातीला २३९, १८७, १९१ हे तीन बाइट घालते आणि पुढच्या माणसाचे काम सोपे होते.

सभासदांना मोबाइलवर पाठवायच्या लघुसंदेशात १४० बाइट मावतात. इंग्रजी अक्षरे तिथे सात बिटांची, म्हणजे सात शून्य-एकांची, असल्याने १६० बसतात. देवनागरी आली की प्रत्येक संकेतांकाला दोन बाइट लागतात आणि मर्यादा ७० वर येते. हळदीचे सौदे सोमवारी होतील, एवढ्या वाक्याला मोकळ्या जागा धरून २५ संकेतांक लागतात, कारण प्रत्येक काना, मात्रा आणि वेलांटी वेगळी मोजली जाते. संदेश ७० च्या पुढे गेला की तो तुकड्यांत जातो आणि प्रत्येक तुकड्यात ६७ च संकेतांक बसतात. संस्थेला संदेशाचा दर तुकड्यामागे पडत असल्याने मजकूर पाठवण्याआधी लेन सूत्राने मोजून घ्यावा.

माहितीसाठा मायएसक्यूएलमध्ये ठेवणार असाल, तर वर्णसंच म्हणून यूटीएफ-८-एमबी-४ निवडावा. तिथल्या जुन्या यूटीएफ-८ प्रकारात एका वर्णाला तीनच बाइट मिळतात. देवनागरीला ते पुरतात, पण नावापुढे कोणी चार बाइटांचे भावचित्र टाकले की नोंद अडते किंवा तुटते.

क्रमवारीकडे बहुधा शेवटपर्यंत लक्ष जात नाही. साधे सॉफ्टवेअर संकेतांकाच्या आकड्यावरून क्रम लावते. यूनिकोडमध्ये ळ २३५५ वर, ल च्या लगेच पुढे आणि २३५७ वरच्या व च्या आधी आहे. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. त्यामुळे हळद आणि हवामान हे शब्द आकड्यांच्या क्रमाने लावले, तर हळद आधी येते, आणि वर्णमालेप्रमाणे लावले, तर हवामान. क्ष हा क, हलन्त आणि ष मिळून साठत असल्याने तो क च्या शब्दांत जातो, आणि ज्ञ त्याच रीतीने ज च्या. ग्रंथसूची किंवा मतदार सभासदांची यादी छापायची असेल, तर सॉफ्टवेअरमध्ये क्रमवारीची भाषा मराठी अशी नेमता येते का ते पाहावे. ती सोय असल्यास ळ, क्ष आणि ज्ञ शेवटी जातात. नसल्यास या तीन वर्णांचे शब्द हाताने हलवावे लागतात, आणि ते काम यादीत नवी नावे भरण्याचे थांबल्यावर, छपाईला देण्याच्या आधी एकदाच करावे.